‘नाही’ ऐकू न येणारा माणूस

विनोदाचा विषय निघाला की मराठीच्या वर्गात एक उतरंड मांडली जाते. स्वभावनिष्ठ विनोद सर्वांत वर, त्याखाली प्रसंगनिष्ठ, मग शब्दनिष्ठ. आणि अगदी तळाशी, जेमतेम नाव घेण्यापुरता, पडण्या-आपटण्याचा आणि मोडतोडीचा विनोद. त्याला ‘स्थूल’ म्हटले की काम भागते. या उतरंडीला परंपरेचाही आधार आहे. नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतीच्या पात्रांना दोन-दोन असे वाटून दिले. स्मित उत्तमांचे, खदखदून हसणे अधमांचे. भरताला रंगभूमीवरच्या पात्रांचे वर्तन सांगायचे होते. आपण मात्र त्याचा उपयोग कलाकृतींची प्रतवारी लावण्यासाठी करत आलो, आणि ज्या कृतीला प्रेक्षक पोट धरून हसतो तिच्यात विचार करण्यासारखे काही नसणार, अशी आपली समजूत होऊन बसली. ही समजूत मला चुकीची वाटते. ती का चुकीची वाटते हे सैद्धांतिक चर्चेने सांगण्यापेक्षा तळाच्याच एका कृतीकडे नीट पाहून सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे. ती कृती म्हणजे लॉरेल आणि हार्डी यांचा ‘बिग बिझनेस’ हा १९२९ सालचा मूकपट.

जेमतेम वीस मिनिटांचा, दोन रिळांचा हा चित्रपट. हॅल रोच यांच्या स्टुडिओने तो काढला. दिग्दर्शक म्हणून जेम्स हॉर्न यांचे नाव आहे आणि देखरेख लिओ मॅकेरी यांची. मॅकेरींनी पुढे मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ (१९३३) दिग्दर्शित केला. छायालेखक जॉर्ज स्टीव्हन्स हेही पुढे ‘शेन’ (१९५३) आणि ‘जायंट’ (१९५६) यांचे दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले. चित्रीकरण १९२८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये झाले आणि चित्रपट २० एप्रिल १९२९ रोजी प्रदर्शित झाला. पुढच्या पंधरवड्यातच, ४ मे रोजी, या जोडीचा पहिला बोलपट आला. म्हणजे मूक विनोदाची कला पूर्ण पिकलेली असताना आणि तिचा काळ संपत आलेला असताना केलेले हे काम आहे. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, जतन करण्याजोग्या कृतींमध्ये, त्याचा समावेश झाला.

कथा दोन वाक्यांत सांगता येईल. ऑली आणि स्टॅन हे दोन विक्रेते मोटारीवर नाताळची झाडे लादून कॅलिफोर्नियाच्या उन्हात दारोदार विकत फिरतात. एका घरमालकाला झाड नको असते; त्यातून सुरू झालेली कुरबुर वाढत जाते आणि शेवटी त्याचे घर आणि यांची मोटार या दोहोंचा चक्काचूर होतो. एवढेच. घरमालकाचे काम जेम्स फिनलेसन या स्कॉटिश नटाने केले आहे. टक्कल, झुपकेदार मिशा आणि एक डोळा बारीक करून समोरच्याकडे अविश्वासाने पाहण्याची त्याची रीत लॉरेल-हार्डीच्या प्रेक्षकांना चांगली परिचयाची आहे.

आता विक्रेत्यांकडे वळू. नाताळची झाडे विकायला निघालेल्या माणसाला नाताळ येऊन ठेपला आहे, बहुतेकांची झाडे घेऊन झाली असतील, हे कळायला हरकत नसते. ऑलीला ते कळत नाही असे नव्हे. त्याला ते महत्त्वाचे वाटत नाही. त्याच्या दृष्टीने विक्री ही गिऱ्हाइकाच्या गरजेची बाब नसून विक्रेत्याच्या व्यक्तिमत्त्वाची बाब आहे. पहिल्या घरी एक बाई दार उघडते. झाड नको म्हणते. नवराही नाही म्हणते. तेव्हा स्टॅन अत्यंत निरागसपणे विचारतो की नवरा असता तर त्याने झाड घेतले असते का. दार धाडकन बंद होते. दुसऱ्या दारावर फेरीवाल्यांनी येऊ नये अशी स्पष्ट पाटी आहे. तिथे ऑली, हे काम आता माझ्यावर सोपव, अशा थाटात पुढे सरसावतो. दारातून एक हात बाहेर येतो आणि हातोडीने त्याच्या डोक्यावर टोला मारतो. बाकीचा माणूस आपल्याला दिसतही नाही. ऑली टाय सारखा करतो आणि तिसऱ्या घराकडे निघतो.

हा आत्मविश्वास त्या काळाने घडवलेला होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत विक्रेता हा एक नवा आदर्श पुरुष बनला होता. १९०६ साली सुरू झालेल्या फुलर ब्रश कंपनीचे विक्रेते ब्रशांची पेटी घेऊन घरोघर जात. त्यांचा आणि त्यांच्यासारख्या इतरांचा सुळसुळाट इतका झाला की १९३१ साली वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या गावाने, घरमालकाने बोलावल्याशिवाय विक्रेत्याने दार ठोठावू नये, असा नियमच केला. फुलर कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. त्याआधी १९२५ साली ब्रूस बार्टन या जाहिरात व्यावसायिकाचे ‘द मॅन नोबडी नोज’ हे पुस्तक आले होते. त्यात येशू ख्रिस्ताचे चित्रण आधुनिक व्यवसायाचा आद्य प्रवर्तक म्हणून केले होते आणि ते पुस्तक अफाट खपले. सिंक्लेअर लुईस याने ‘बॅबिट’ (१९२२) या कादंबरीत या वृत्तीचा उपहास केला होता, पण उपहासाने ती वृत्ती थोडीच थांबते. ‘बिग बिझनेस’ची आरंभीची पाटी या संदर्भात वाचावी. दुसरा गाल पुढे करणाऱ्या आणि त्याबद्दल नाकावर ठोसा खाणाऱ्या माणसाची ही गोष्ट, अशा अर्थाची ती पाटी आहे. ख्रिस्ताचा उपदेश, ख्रिस्ताचा सण आणि विक्री यांची जी सांगड बार्टनने गंभीरपणे घातली होती तीच इथे आहे, फक्त तिचे काय होते ते दाखवलेले आहे.

येथवर चित्रपट एखाद्या चांगल्या व्यंगचित्रासारखा आहे. तिसऱ्या दाराशी तो वेगळा होतो.

फिनलेसन दार उघडतो, नको म्हणतो, दार लावतो. झाडाची फांदी दारात अडकते. ती सोडवून घ्यायला पुन्हा घंटा वाजवावी लागते. तो दार उघडतो, पुन्हा लावतो. पुन्हा काहीतरी अडकते. या वेळपर्यंत कुणाचाही दोष नाही. उलट दोन्ही बाजूंचे वागणे शक्य तितके सभ्य आहे. शेवटी फिनलेसन ते झाड घेऊन भिरकावून देतो. विषय इथे संपायला हवा. पण स्टॅनला एक कल्पना सुचते. तो पुन्हा घंटा वाजवतो आणि विचारतो: पुढच्या वर्षीची मागणी आत्ता नोंदवून घेऊ का?

माझ्या मते हा चित्रपटाचा गाभा आहे. पुढची सगळी मोडतोड या एका प्रश्नातून निघते. फाजील आत्मविश्वास म्हणजे स्वतःविषयी मोठे मत असणे, असे आपण सहसा समजतो. या प्रश्नात स्वतःविषयी कसलेच मत नाही. त्यात बढाई नाही, दर्प नाही. त्यात आहे ती फक्त ‘नाही’ हा शब्द ऐकू न येण्याची अवस्था. विक्रेत्याला ‘नाही’ म्हणजे ‘अजून नाही’ असेच ऐकू येते. या वर्षी नाही म्हणजे पुढच्या वर्षी हो. विक्रीकलेच्या पुस्तकांत याला चिकाटी म्हणतात आणि तिचे गुण गायले जातात. समोरच्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र त्याच्या शब्दाला अर्थ आहे हेच येथे नाकारले जात आहे. फिनलेसन घरात जातो, मोठी कात्री आणतो आणि झाडाचे तुकडे करतो. शब्द ऐकू येत नसेल तर आता कृती दाखवतो, असा त्याचा साधा हिशेब आहे.

त्यानंतरची देवाणघेवाण प्रसिद्धच आहे. ऑलीचे घड्याळ फुटते. घराची घंटा उखडली जाते, टेलिफोन निकामी होतो. ऑलीच्या टायवर कात्री चालते. मोटारीचा दिवा उपटून तो काचेतून आत फेकला जातो. मग घराच्या खिडक्या, मोटारीचे दरवाजे, अंगणातली झाडे. शेवटी एकीकडे पियानोवर कुऱ्हाड चाललेली असते आणि दुसरीकडे मोटारीचा सांगाडाच उरलेला असतो. स्टॅन घरातल्या फुलदाण्या एकेक करून फेकतो आणि ऑली त्या बेसबॉलच्या खेळाडूसारख्या फावड्याने फोडतो.

ज्याने हा चित्रपट पाहिलेला नाही त्याला वाटेल की हा गोंधळ असेल. तो गोंधळ मुळीच नाही. या विध्वंसाला एक शिस्त आहे आणि ती एखाद्या बांधीव पद्यप्रकाराइतकी कडक आहे. एक जण मोडतो तेव्हा दुसरा उभा राहून पाहतो. अडवत नाही, हात धरत नाही, पळत नाही. मोडणाऱ्याचे काम पूर्ण होईपर्यंत थांबतो. नुकसान किती झाले ते नीट न्याहाळतो, मान डोलावतो, आणि मग आपली पाळी घेतो. प्रत्येक उत्तर आधीच्या कृतीला उत्तर असते आणि तिच्याहून थोडेच मोठे असते. घड्याळाच्या बदल्यात कुणी एकदम घर पाडत नाही. घर पाडण्यापर्यंत जायचे तर मधल्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. लॉरेल-हार्डीच्या ‘टू टार्स’ (१९२८) या चित्रपटात मोटारींच्या लांबच लांब रांगेत हाच प्रकार घडतो. तिथे तो अनेकांत वाटला गेल्यामुळे जत्रेसारखा होतो. ‘बिग बिझनेस’मध्ये तो दोन पक्षांत, एका अंगणात बंदिस्त आहे, आणि म्हणूनच अधिक स्पष्ट दिसतो.

या देवाणघेवाणीकडे पाहताना चित्रपटाच्या नावाचा अर्थ उलगडतो. ऑली आणि स्टॅन यांचा दिवसभरात एकही व्यवहार होत नाही, पण या अंगणात जे चालले आहे तो शुद्ध व्यवहारच आहे. तुमचे हे, आमचे ते. घेतले तेवढे दिले. उधारी नाही. जगातला सर्वांत चोख बाजार येथे भरला आहे, फक्त वस्तू हातोहात देण्याऐवजी फोडल्या जात आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की विक्रेत्याला जे हवे असते ते त्याला येथे मिळते. ते काय असते? पैसे, हे वरवरचे उत्तर झाले. दारोदार फिरणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हवे असते ते दुसऱ्याचे लक्ष. दार उघडावे, समोरच्याने आपल्याकडे पूर्णपणे पाहावे, आपण काय करतो आहोत ते शेवटपर्यंत पाहावे. पहिल्या घरात बाईने दार आपटले, दुसऱ्या घरात तर नुसता एक हात भेटला. फिनलेसन हा त्या दिवशी भेटलेला पहिला मनुष्य आहे जो पूर्ण बाहेर येतो, समोर उभा राहतो, प्रत्येक हालचाल टिपतो आणि तिला तोडीस तोड प्रतिसाद देतो. एका अर्थी, ऑलीच्या आयुष्यातले ते सर्वोत्तम गिऱ्हाईक आहे.

येथे आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. हे नाटक १९४९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले, म्हणजे ‘बिग बिझनेस’नंतर वीस वर्षांनी. विली लोमन हाही व्यक्तिमत्त्वावर भिस्त ठेवणारा विक्रेता. आपण लोकांना आवडतो, म्हणून आपले काम होणारच, ही त्याची श्रद्धा. त्या नाटकातला मला सर्वांत भीषण वाटणारा प्रसंग आत्महत्येचा नाही. विली आपल्या तरुण मालकाकडे, हॉवर्डकडे, फिरतीऐवजी शहरातच काम मागायला जातो तो प्रसंग भीषण आहे. हॉवर्डने नवे ध्वनिमुद्रण यंत्र आणलेले असते. त्यात मुलीची शिट्टी आणि मुलाने घोकलेल्या राज्यांच्या राजधान्या आहेत, आणि हॉवर्ड विलीला त्या ऐकवत बसतो. विलीचे वाक्य त्याला ऐकू जात नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे ‘नाही’ ऐकू न आलेल्या माणसाचे बोलणे आता दुसऱ्याला ऐकू येत नाही. विलीच्या बायकोची सगळी तळमळ एवढीच आहे की या सामान्य माणसाकडे कुणीतरी लक्ष द्यावे. ते कुणी देत नाही, आणि तीच त्याची शोकांतिका.

शोकात्म नाटक हे लक्ष देऊ शकत नाही, कारण ते दिले तर शोकांतिका उरणार नाही. उपहासात्मक कादंबरीही ते देऊ शकत नाही, कारण तिथे लेखक पात्राच्या वर उभा असतो आणि वाचकालाही वरच उभे करतो. स्लॅपस्टिक ते देऊ शकते. त्यात दोन माणसे एका पातळीवर, एका अंगणात, एकमेकांना पूर्ण वेळ देत उभी असतात. विक्रेत्याच्या आत्मविश्वासाचे भांडवल शब्दांचे होते. ते शब्द संपल्यावर त्या आत्मविश्वासाच्या बुडाशी काय होते हे वस्तू फोडणाऱ्या हातांतून आणि शांतपणे पाहणाऱ्या चेहऱ्यांतून दिसते. बुडाशी दुसऱ्या माणसाची भूक होती. हे मला स्वभावनिष्ठ विनोदात याआधी कधी इतक्या थेटपणे दिसले नव्हते.

या प्रकाराच्या नावातही एक सूचना आहे. स्लॅपस्टिक म्हणजे जुन्या इटालियन लोकनाट्यातली लाकडाची जोडपट्टी. ती पाठीत घातली की दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई. लागत मात्र फारसे नसे. आवाज आणि इजा यांच्यातल्या अंतरावर हा सगळा प्रकार उभा आहे. ॲरिस्टॉटलनेही हास्यजनक दोष वेदनारहित आणि विनाशरहित असावा असे म्हटले आहे. ‘बिग बिझनेस’ त्यातली पहिली अट पाळतो आणि दुसरी धुडकावतो. त्यात विनाशाखेरीज काहीच नाही, पण तो विनाश जवळजवळ सर्वस्वी वस्तूंचा आहे. भांडण तापल्यावर कुणी कुणाचे डोके फोडत नाही. राग समोरच्याच्या मालमत्तेवर निघतो. संतापलेल्या माणसांनी इतका संयम पाळणे ही गोष्ट हसण्याजोगी आहे आणि विचार करण्याजोगीही. १९२० च्या दशकातील अमेरिकेत मोटार आणि बंगला म्हणजे माणसाची किंमत. येथे दोन माणसे एकमेकांची किंमत शून्यावर आणतात. शून्यावर आल्यानंतरही ती माणसे शिल्लक राहतात, हे आपल्याला दिसते.

एक आक्षेप मला स्वतःला जाणवतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. या सगळ्यात फिनलेसनचे काय? त्याने फक्त झाड नको म्हटले होते. दिवसातून अनेकदा फोन करून कर्ज किंवा विमा गळ्यात मारू पाहणाऱ्यांच्या आजच्या काळात तर आपली सहानुभूती सहज त्याच्याकडे जाते. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क हा लहान हक्क नव्हे. तो नाकारणाऱ्यांना प्रेमाने पाहायला लावणारा चित्रपट अन्यायकारक नाही का? मला वाटते, चित्रपट येथे न्याय करण्याचे टाळत नाही, तो न्यायाधीशालाच चित्रात आणतो. टायनी सँडफर्डने केलेला धिप्पाड पोलीस गाडी थांबवून हे सारे पाहत असतो. तो मध्ये पडत नाही. वही काढतो आणि काय-काय मोडले याची टिपणे करत राहतो. त्याच्यामागे शेजाऱ्यांची गर्दी जमते आणि कधी इकडच्या तर कधी तिकडच्या पराक्रमाकडे एकत्र माना वळवते. गर्दी आपली आहे, पोलीसही आपलाच आहे. वहीत नुकसानीची यादी होते, पण दोषाचा निवाडा होत नाही. पायावर फुलदाणी येऊन पडते तेव्हा कुठे त्या पोलिसाला कर्तव्याची आठवण होते. टीकाकाराने या पोलिसाकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. त्याची वही आपल्या ओळखीची आहे.

पोलीस विचारतो, हे सुरू कुणी केले. येथे आपल्या भाषेने या जोडीला दिलेले नाव आठवते. मराठीत ती ‘जाड्या-रड्या’ म्हणून ओळखली गेली. जाड्याच्या जोडीला ‘लुकड्या’ हे नाव सहज सुचले असते. पण नाव ठेवणाऱ्याने दुसऱ्याच्या शरीराऐवजी त्याचे रडणे टिपले आणि ते अचूक टिपले. त्या प्रश्नावर स्टॅनचा चेहरा वेडावाकडा होतो आणि तो रडू लागतो. मग ऑली रडतो. फिनलेसन रडतो. गर्दी रडते. पोलिसालाही गहिवरून येते. कारण प्रश्नाला उत्तर नाही. फांदी दारात अडकली तो योगायोग होता. पुढच्या वर्षीचा प्रश्न हा मूर्खपणा होता. कात्री हा राग होता. यातले पहिले कुठले? ज्याने नीट पाहिले आहे त्याला सांगता येणार नाही. दोष वाटता येत नाही तेव्हा दुःखच वाटून घ्यावे लागते. दोन्ही बाजू हस्तांदोलन करतात. स्टॅन फिनलेसनला नाताळची भेट म्हणून एक सिगार देतो.

आणि मग पोलिसाची पाठ फिरते न फिरते तोच ऑली आणि स्टॅन हसतात. हे लक्षात घेण्यासारखे आहे. सगळ्या विध्वंसात यांच्यापैकी कुणी खदखदून हसलेले नाही. घर मोडताना, मोटार मोडली जात असताना, त्यांचे चेहरे कामात गढलेल्या कारागिरांचे होते. ते हसतात तेव्हाच पोलिसाला फसवणूक कळते आणि तो त्यांच्यामागे धावतो. इकडे फिनलेसनच्या तोंडातला सिगार फुटतो. म्हणजे अश्रू खोटे होते का? मला तसे वाटत नाही. रडणेही खरे होते आणि हसणेही. स्टॅनच्या ठिकाणी या दोन गोष्टींत विरोध नसतो. पण विक्रेता हा शेवटी विक्रेताच आहे. गेल्या वीस मिनिटांत त्याने दिलेली आणि समोरच्याने खरोखर स्वीकारलेली वस्तू एकच, ती म्हणजे हा सिगार. आणि तो सदोष माल निघाला.

या चित्रपटाकडे भविष्यवाणी म्हणून पाहण्याचा मोह होऊ शकतो. एप्रिल १९२९ मध्ये तो आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. मोटार आणि बंगला यांचा चुराडा, शीर्षकात ‘बिझनेस’. रूपक जुळवायला काहीच कष्ट नाहीत. आपल्या समीक्षेला अशी रूपके आवडतात, कारण त्यामुळे ‘स्थूल’ कृतीला ‘सखोल’ म्हणण्याची सोय होते. ती सोय मी घेऊ इच्छित नाही. बाजार कोसळला नसता तरी हा चित्रपट आहे तेवढाच चांगला राहिला असता. अर्थ रूपकात शोधावा लागतो, वर दिसते त्यात तो नसतो, हाही त्या उतरंडीचाच एक संस्कार आहे.

हॅल रोच पुढे अनेक वर्षे एक किस्सा सांगत. स्टुडिओने मोडण्यासाठी एक घर ठरवले होते आणि चित्रीकरण करणाऱ्यांनी चुकून शेजारचेच घर मोडले, असा तो किस्सा. स्टॅन लॉरेल यांनी तो खरा नसल्याचे सांगितले. तरीही तो टिकून आहे. टिकण्याचे कारण उघड आहे. एवढी मोडतोड विचारपूर्वक, ठरवून, मोजून-मापून केली असेल हे आपल्याला पटत नाही. ती चुकूनच झाली असणार असे मानणे सोयीचे वाटते. स्लॅपस्टिकविषयीचा आपला सगळा अनादर त्या किश्शात सामावलेला आहे. पडणारा माणूस खरोखर पडला असे आपण धरून चालतो, आणि पडण्याची कला असते हे विसरतो.

अमेरिकेत २०२५ सालच्या आरंभी या चित्रपटाचा स्वामित्वहक्कही संपला. वीस मिनिटांचा मूकपट एका तासिकेत दाखवून त्यावर बोलायलाही वेळ उरतो. भाषांतर लागत नाही, पाट्या मोजक्याच आहेत. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ शिकवणाऱ्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी तो त्या नाटकाआधी दाखवावा, आणि विनोदाचे प्रकार शिकवणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनी तो उतरंड फळ्यावर लिहिण्याआधी दाखवावा. मुले मोठ्याने हसतील. भरताच्या हिशेबात ते हसणे शेवटच्या प्रकारात मोडेल. त्या हसण्यानंतर त्यांना एवढेच विचारावे की त्या अंगणात ‘नाही’ हा शब्द पहिल्यांदा कुणी ऐकला. उत्तर शोधताना चित्रपट पुन्हा पाहावा लागेल, आणि दुसऱ्यांदा पाहताना हातात पोलिसाची वही नसेल तर बरे.